कोलेस्टेरॉलच्या गोळीने अंग दुखतंय असं वाटतं? गोळी बंद करण्याआधी हे टप्पे घ्या

स्टॅटिन गटातली गोळी सुरू झाली की महिन्या-दोन महिन्यांत बऱ्याच घरांत एक वाक्य कानावर येतं: "ही गोळी सुरू झाल्यापासून मांड्या भरून येतात." आमच्या घरी ते सासूबाई म्हणाल्या. मधुमेह जुना, त्यात एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं, म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन सुरू केली होती. पुढे वही ठेवणं, तपासण्या, गोळी थांबवून बघणं, दुसरी सुरू करणं हे सगळं झालं. माहिती मात्र तुकड्या-तुकड्यांनी मिळत गेली, थोडी डॉक्टरांकडून, थोडी मेडिकलवाल्याकडून, थोडी वाचून. तीच इथे क्रमाने लावून देते.

मी डॉक्टर नाही. गोळी बदलायची की थांबवायची हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी काय बघायचं, काय लिहायचं आणि काय बरोबर न्यायचं हे तुमच्या हातात आहे, आणि निम्मं काम तिथेच होतं.

लोक दोन टोकांची कामं करतात. काहीजण शेजाऱ्यांचं ऐकून गोळी गुपचूप सोडतात आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. काहीजण "वयच झालंय आता" म्हणत महिनोन्‌महिने दुखणं अंगावर काढतात. दोन्हींत नुकसान आहे, आणि दोन्हींची गरज नसते.

१. आधी धोक्याची लक्षणं नाहीत ना, हे बघा

पुढचं सगळं सावकाश वाचा, हे मात्र आधी. खालीलपैकी काहीही असेल तर वही, तपासण्यांचं नियोजन वगैरे बाजूला ठेवा. त्या दिवसाची गोळी घेऊ नका (स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी असेल, हार्ट अटॅक किंवा अर्धांगवायू येऊन गेला असेल तर मात्र आधी डॉक्टरांना फोन, कलम २ बघा) आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा:

- लघवी काळपट तपकिरी, कोऱ्या चहाच्या किंवा कोकच्या रंगाची होणं
- स्नायूंची ताकदच जाणं: खुर्चीतून उठता न येणं, केस विंचरायला हात वर न जाणं
- अंग प्रचंड दुखतंय, सोबत ताप, उलट्या किंवा लघवी कमी होणं

स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटून त्यातली द्रव्यं रक्तात आली की मूत्रपिंडावर ताण येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्टॅटिनमुळे हे होणं अत्यंत विरळ आहे, वर्षाला लाखात मोजक्या लोकांना होतं. पण झालं तर वेळ घालवून चालत नाही. सेरिव्हास्टॅटिन नावाचं एक औषध याच कारणामुळे २००१ साली जगभरातून मागे घेतलं गेलं. जेमफिब्रोझिल या ट्रायग्लिसराइडच्या औषधाबरोबर घेतल्यावर त्याचा धोका फार वाढत होता. आज बाजारात असलेल्या स्टॅटिन त्यातल्या नाहीत, तरी जेमफिब्रोझिल आणि स्टॅटिन एकत्र घेणं आजही टाळतात.

२. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा

गोळीचं ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात असतं, खरं औषध त्याखाली बारीक अक्षरात. शेवटी "स्टॅटिन" असलेला शब्द शोधा: अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन, प्रॅव्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन. शेजारी मिलिग्रॅमचा आकडा असेल. दोन्ही लिहून ठेवा.

इथे दोन सापळे आहेत.

पहिला, एकच औषध दोनदा. मधुमेहाचे डॉक्टर एका नावाने लिहून देतात, हृदयाचे डॉक्टर दुसऱ्या नावाने. पाकिटं वेगळी, रंग वेगळा, आत औषध तेच. घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडून बारीक अक्षरं वाचल्याशिवाय हे लक्षात येत नाही. स्टॅटिनचे स्नायूंवरचे परिणाम मात्रेबरोबर वाढतात, त्यामुळे नकळत दुप्पट डोस जात असेल तर प्रश्न तिथेच सापडू शकतो.

दुसरा जास्त गंभीर. आपल्याकडे एकाच कॅप्सूलमध्ये स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल असे तिन्ही घटक सर्रास मिळतात. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने "कोलेस्टेरॉलची गोळी" म्हणून ही कॅप्सूल सोडली, तर रक्त पातळ ठेवणारी औषधंही त्याच क्षणी बंद होतात आणि स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका उभा राहतो. स्टेंट असेल, हार्ट अटॅक किंवा अर्धांगवायू येऊन गेला असेल तर फोनवर का होईना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही बंद करू नका. कलम १ मधली लक्षणं असतील तर तो फोन लगेच करा आणि स्टॅटिन थांबवून बाकीच्या गोळ्या वेगळ्या कशा द्यायच्या हे विचारा.

३. दुखणं वहीत उतरवा

"अंग दुखतं" एवढ्यावर कुठल्याही डॉक्टरला फार काही ठरवता येत नाही. साधी वही घ्या, रोज दोन ओळी पुरतात. आमच्या वहीतली एक नोंद अशी होती: "मंगळवार. दोन्ही मांड्या जड. खाली मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता आलं नाही. दुपारनंतर बरं. दहापैकी पाच."

एवढ्यात चार गोष्टी येतात: कुठे, दोन्ही बाजूंना की एकाच, कोणतं काम अडलं, आणि किती. शिवाय पहिल्या पानावर गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला आणि दुखणं कधी सुरू झालं या तारखा लिहा.

स्टॅटिनमुळे होणाऱ्या दुखण्याचा एक साधारण नमुना असतो. ते दोन्ही बाजूंना सारखं असतं. मांड्या, कुल्ले, पोटऱ्या, खांदे, पाठ अशा मोठ्या स्नायूंमध्ये असतं. बहुतेकदा गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या चार ते सहा आठवड्यांत उमटतं. गोळी थांबवल्यावर दोन-चार आठवड्यांत ओसरतं. एकाच गुडघ्यात कळ, टाचेत सकाळी टोचणं, कंबरेतून एका पायात उतरणारी शीर, बोटांच्या सांध्यांना सूज, पायाला मुंग्या: हे या नमुन्यात बसत नाही. सात वर्षं तीच गोळी त्याच डोसने सुखात घेतल्यावर अचानक दुखायला लागलं, तर गोळीपेक्षा मधे काय नवीन घडलं ते आधी शोधा.

४. दुसरं कारण शोधा, आणि मनापासून शोधा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या असं मी आग्रहाने सांगते.

थायरॉइड. थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल वाढतं, आणि स्नायूही दुखतात. म्हणजे एकाच आजारामुळे माणसाला स्टॅटिन सुरू होते आणि त्याच आजारामुळे ती सोसत नाही. सासूबाईंचं नेमकं हेच निघालं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) खूप वाढलेलं होतं आणि त्याआधी ते कुणी तपासलंच नव्हतं. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर एलडीएलही काहीसं खाली आलं. कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की स्टॅटिन सुरू करण्याआधीच टीएसएच करून घ्या. साधी तपासणी आहे, गावोगावच्या लॅबमध्ये होते.

ड जीवनसत्त्व. ते फार कमी असेल तर त्यानेच अंग दुखतं आणि मांड्यांतली ताकद कमी होते, म्हणून कमतरता असेल तर ती भरून काढायची. पण ड जीवनसत्त्व घेतलं म्हणजे स्टॅटिनचं दुखणं टळतं असं मात्र नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही.

ताप येऊन गेला का? चिकुनगुनियाने सांधे महिनोन्‌महिने धरतात. डेंग्यू आणि फ्लूमध्ये स्नायू दुखतात.

नवीन कष्ट. जिम सुरू केलं, शेतात लावणीची कामं झाली, वारीला पायी जाऊन आलात, तर स्नायू दुखणारच.

बरोबरची औषधं. हा आपल्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिन यकृतातल्या एका ठराविक एन्झाइममुळे विघटित होतात. ते एन्झाइम अडवणारं दुसरं औषध पोटात गेलं की रक्तातली स्टॅटिनची पातळी चढते. अशी औषधं कुठून येतात बघा:

- गजकर्ण, नायट्यासाठी त्वचेचे डॉक्टर देतात ती इट्राकोनॅझोलची कॅप्सूल. हा कोर्स आठवडेच्या आठवडे चालतो, आणि त्वचेच्या डॉक्टरांना तुमची कोलेस्टेरॉलची गोळी माहीत नसते.
- क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक. पोटातल्या एच. पायलोरी जंतूसाठी एक-दोन आठवड्यांचा जो कोर्स देतात त्यात ते बहुधा असतं.
- रक्तदाबासाठी किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठी डिल्टियाझेम, व्हेरापामिल. अ‍ॅम्लोडिपिन असेल तर सिमव्हास्टॅटिनचा डोस २० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत.
- गाउटसाठी (युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे दुखतात तो आजार) कोल्चिसिन. याची वाट थोडी वेगळी, पण स्टॅटिनबरोबर स्नायूंना त्रास होऊ शकतो, विशेषतः मूत्रपिंड अशक्त असेल तर.
- अवयव प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन.

छोट्या कोर्ससाठी डॉक्टर कधी तेवढे दिवस स्टॅटिन थांबवतात, कधी दुसरं प्रतिजैविक देतात. तुम्ही सांगितलं तरच ते हे करू शकतात.

फळांत ग्रेपफ्रूट तेच एन्झाइम अडवतं. आपलं पपनस त्याच गोत्रातलं. गणपतीत दोन फोडी खाल्ल्या म्हणून घाबरू नका, पण रोज पेलाभर रस पिणं टाळा.

दारू जास्त असेल, वजन फार कमी असेल, वय पंचाहत्तरीच्या पुढे असेल, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल, तर त्रासाची शक्यता वाढते. बायकांना पुरुषांपेक्षा थोडी जास्त असते.

५. भेटीला जाताना हे बरोबर न्या

- वही
- घरातली सगळी पाकिटं, चालू आणि मागच्या दोन महिन्यांत संपलेली. पिशवीत भरून न्या, लाजू नका. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, प्रोटीन पावडर, "नैसर्गिक कोलेस्टेरॉल" वाली कॅप्सूल, सगळं. लाल यीस्टच्या तांदळाच्या कॅप्सूलमध्ये मोनाकोलिन के असतं, आणि ते म्हणजे लोव्हास्टॅटिनच. स्टॅटिन नको म्हणून लोक ती घेतात आणि पोटात स्टॅटिनच जाते, तीही किती ते ठाऊक नसताना.
- स्टॅटिन सुरू होण्याआधीचा लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) आणि नंतरचा. आधीचा रिपोर्ट नसेल तर लॅबमध्ये विचारा, बऱ्याचदा नाव आणि मोबाइल नंबरवरून काढून देतात.
- टीएसएच, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (यकृतासाठी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ड जीवनसत्त्व यांपैकी जे झालेलं असेल ते
- अँजिओप्लास्टी, बायपास झाली असेल तर डिस्चार्ज कार्ड
- घरात कुणाला स्नायूंचा आजार असेल किंवा आधी दुसऱ्या स्टॅटिनने त्रास झाला असेल तर त्याची नोंद

६. सीपीकेची तपासणी: कधी करायची, कशी वाचायची

स्नायूंना इजा झाली की क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम रक्तात वाढतं. आपल्याकडच्या लॅबमध्ये ते सीपीके या नावाने ओळखतात. उपाशीपोटी जायची गरज नाही.

पण हा आकडा फार सहज फसवतो. जड व्यायाम, लांबची पायपीट, पडणं-झडणं आणि कमरेत घेतलेलं इंजेक्शन, या सगळ्यांनी तो वाढतो. अंग दुखतं म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सीपीके करायची, हा क्रम आपल्याकडे नेहमीचा आहे. मग वाढलेला आकडा बघून सगळे घाबरतात. तीव्र त्रास नसेल तर तपासणीआधी काही दिवस जड कष्ट आणि इंजेक्शन दोन्ही टाळा. दुखण्याच्या गोळ्या-इंजेक्शनं मूत्रपिंडालाही जड जातात, ते वेगळंच.

रिपोर्टवर त्या लॅबची कमाल मर्यादा छापलेली असते. आपला आकडा तिच्या किती पट आहे ते बघायचं. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये आखलेली रीत साधारण अशी: चौपटीच्या आत असेल आणि दुखत असेल तर दोन ते चार आठवडे गोळी थांबवून बघतात. चौपटीच्या वर असेल तर थांबवून सहा आठवडे वाट बघतात. दहापटीच्या वर गेला तर लगेच थांबवतात आणि मूत्रपिंडाची तपासणी करतात.

सीपीके नॉर्मल आली म्हणजे "तुम्हाला काही होत नाही" असा अर्थ नाही. स्टॅटिनच्या दुखण्यात बहुतेकांची सीपीके नॉर्मलच असते.

७. गोळी थांबवून बघणं

ही एक चाचणी आहे, सुट्टी नव्हे. थांबवायची तारीख वहीत लिहा, परत डॉक्टरांना भेटायची तारीख त्याच दिवशी ठरवा. बहुतेक लोक इथेच हरवतात: दुखणं थांबतं, गोळी राहून जाते, वर्ष जातं.

थांबवूनही दोन महिन्यांनी दुखणं जसंच्या तसं असेल, तर बहुधा कारण दुसरं आहे. एक विरळ अपवाद लक्षात ठेवा. गोळी थांबवूनही मांड्या-खांद्यांची ताकद कमीच होत चालली आणि सीपीके वाढलेलीच राहिली, तर शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच स्नायूंवर हल्ला केलेला असू शकतो. त्यासाठी अँटी-एचएमजीसीआर नावाची रक्ततपासणी असते. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्ट किंवा संधिवाततज्ज्ञ गाठावा लागतो आणि स्टॅटिन पुन्हा देत नाहीत.

याच ठिकाणी एक प्रयोग सांगायला हवा, कारण त्याने माझा दृष्टिकोन बदलला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने केलेला सॅमसन नावाचा हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभराच्या बाटल्या दिल्या: चार महिन्यांच्या बाटल्यांत अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम, चारमध्ये तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. क्रम उलटसुलट. गोळी असलेल्या बाटलीत कोणती गोळी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. रोजचा त्रास १०० पैकी किती हे ते मोबाइलवर नोंदवत. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४, खऱ्या स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३.

त्या माणसांचं दुखणं खोटं नव्हतं. गोळी घेतल्यावर त्यांना खरोखरच जास्त त्रास होत होता. पण त्यातला बहुतेक भाग गोळी घेण्याच्या कृतीतून आणि मनातल्या धास्तीतून येत होता, औषधातून नव्हे. आपापली नोंद बघितल्यावर त्यांच्यातल्या निम्म्यांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली. २०२२ मध्ये १९ चाचण्यांमधल्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. तिथेही स्नायूंचं दुखणं स्टॅटिन घेणाऱ्यांत २७.१ टक्के आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २६.६ टक्के निघालं, आणि जो थोडा फरक होता तो मुख्यतः पहिल्या वर्षातला.

म्हणून घरच्यांना कळकळीची विनंती: "सगळं मनाचं आहे" हे वाक्य आजारी माणसाला कधीही ऐकवू नका. त्याने माणूस बोलणंच बंद करतो, आणि मग गोळीही.

८. पुन्हा सुरू करण्याचे मार्ग

एका स्टॅटिनने त्रास झाला म्हणजे सगळ्यांनी होईल असं नाही. त्रास झालेल्या बहुतेकांना कुठली ना कुठली स्टॅटिन, काही ना काही मात्रेत सोसते. डॉक्टर साधारणपणे यातलं काही सुचवतात:

- तीच गोळी कमी डोसने
- दुसरी स्टॅटिन. रोझुव्हास्टॅटिन, प्रॅव्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन वर सांगितलेल्या एन्झाइमवर फारशा अवलंबून नसतात, त्यामुळे दुसरी औषधं चालू असणाऱ्यांना सोयीच्या.
- एक दिवसाआड गोळी. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात म्हणून हे जमतं.
- छोटा डोस आणि सोबत एझेटिमाइब १० मिलिग्रॅम

कमी डोस म्हणजे उपयोग नाही, हा गैरसमज काढून टाका. स्टॅटिनचा बराचसा परिणाम पहिल्या छोट्या डोसमध्येच मिळतो. पुढे डोस दुप्पट केला की एलडीएल आणखी सुमारे सहा टक्केच उतरतं. एझेटिमाइब मात्र आतड्यातलं कोलेस्टेरॉलचं शोषण अडवून साधारण वीस टक्के वेगळं उतरवते. सासूबाईंना थायरॉइड ताळ्यावर आल्यावर रोझुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम आणि एझेटिमाइब असं दिलं, आणि ते त्यांना सोसलं. परदेशात असलेल्यांनी लक्षात घ्या, अमेरिकेत रोझुव्हास्टॅटिनच्या माहितीपत्रकातच आशियाई रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करण्याचा सल्ला आहे. तिथल्या डॉक्टरांना हे विचारायला संकोच करू नका.

कोएन्झाइम क्यू१० च्या महागड्या कॅप्सूल लोक सुचवतील. त्याने दुखणं कमी होतं असा खात्रीचा पुरावा नाही. ते पैसे लिपिड प्रोफाइलसाठी ठेवा.

९. एकही स्टॅटिन सोसली नाही तर

हे थोड्या लोकांच्या बाबतीत होतं, आणि त्यांच्यासाठीही औषधं आहेत. बेम्पेडोइक अ‍ॅसिड ही रोजची गोळी यकृतात गेल्यावरच कार्यरत होते. तिला कार्यरत करणारं एन्झाइम स्नायूंमध्ये नसतं. स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे १४ हजार लोकांवरच्या २०२३ मधल्या चाचणीत तिने हृदयविकाराचे प्रसंग कमी केले. तिने युरिक अ‍ॅसिड वाढतं, म्हणून गाउट असेल तर आधी सांगा. त्याशिवाय इव्होलोक्युमॅब, अ‍ॅलिरोक्युमॅब ही इंजेक्शनं आणि सुरुवातीच्या डोसनंतर सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं इन्क्लिसिरान आहे. या इंजेक्शनांनी एलडीएल निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरतं. किंमत फार आहे, म्हणून ती बहुधा मोठा धोका असलेल्यांनाच सुचवतात.

१०. बसलेली घडी टिकवण्यासाठी

गोळी किंवा डोस बदलल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा. किती खाली यायला हवं हे डॉक्टरांना आकड्यात विचारा आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात सर्वसाधारण लोकांसाठी एलडीएल १०० च्या खाली (आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये), जास्त धोका असलेल्यांसाठी ७० च्या खाली आणि अतिजास्त धोका असलेल्यांसाठी ५५ च्या खाली असं उद्दिष्ट आहे.

त्याच पानावर आणखी तीन ओळी घाला: कोणत्या स्टॅटिनने, किती डोसला, काय त्रास झाला, आता कोणती, किती चालू आहे, आणि "इट्राकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन देण्याआधी विचारा." दाताचा डॉक्टर असो, त्वचेचा असो की रात्री अकराला उघडा असलेला मेडिकलवाला, त्या पानाचा मोबाइलमधला फोटो आधी दाखवायचा, मग औषध घ्यायचं.